पाणी उकळणाऱ्या शहराचा महापौर

गॉलवेचा महापौर दर जूनमध्ये बदलतो. नगरसेवक एकत्र बसतात, गळ्यातली साखळी जुन्याच्या गळ्यातून नव्याच्या गळ्यात जाते, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी पाऊस चालूच असतो. कोल्हापूरकरांना हा प्रकार वेगळा सांगायला नको. तिथंही महापौरपद वाटून घ्यायची जुनी परंपरा आहे. इथं निदान वर्ष तरी पूर्ण मिळतं.

पण २००७ च्या जूनमध्ये जी साखळी हातबदल झाली, तिची गोष्ट वेगळी आहे. मावळते महापौर होते ग्रीन पार्टीचे नीअल ओ ब्रोलखॉन. पर्यावरणवादी पक्षाचा माणूस पहिल्यांदाच या शहराचा महापौर झाला होता, आणि त्याच्याच वर्षात शहराच्या नळाचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही. ते पायउतार झाले तेव्हाही लोक घरोघर पाणी उकळतच होते. दैव म्हणतात ते याला.

झालं होतं असं. मार्च २००७ मध्ये पोटदुखी आणि जुलाबाचे रुग्ण वाढले आणि पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी सापडला. याची अंडी म्हणा, बीजं म्हणा, जेमतेम चार ते सहा मायक्रॉनची असतात आणि त्यांचं कवच इतकं चिवट की नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनला ती दाद देत नाहीत. एक तर ती गाळून काढायची, नाहीतर अतिनील किरणांनी निकामी करायची, नाहीतर घरी पाणी उकळायचं. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९९३ साली याच जंतूनं सुमारे चार लाख लोक आजारी पडले होते, म्हणजे धोका कुणाला माहीत नव्हता असं म्हणायला जागा नाही. गॉलवेचं पाणी लॉख कॉरिब या प्रचंड सरोवरातून येतं आणि टेरिलँडच्या केंद्रात शुद्ध होतं. त्या केंद्राचा जुना भाग या जंतूला अडवण्याच्या लायकीचा नव्हता. बस्स, एवढंच कारण. सुमारे बहात्तर हजार वस्तीच्या शहरात दोनशेहून जास्त रुग्णांची तपासणीत खात्री झाली. पाणी उकळून पिण्याची सूचना मार्चच्या मध्याला निघाली, ती ऑगस्टमध्ये उठली. पाच महिने! ऐन पर्यटनाच्या हंगामात हॉटेलांतून बाटलीबंद पाणी, आणि माझा एक सहकारी अजून सांगतो की दात घासायलाही किटलीतलं गार केलेलं पाणी घ्यायचो.

आता प्रश्न असा की महापौरांनी काय केलं? ते बोलले. सरकारवर टीका केली, वर्तमानपत्रांत आणि रेडिओवर शहराची बाजू मांडली. त्या वेळचे पर्यावरण मंत्री डिक रोश (फिआना फॉल पक्षाचे) उलट म्हणत होते की पैसा उपलब्ध होता, गॉलवे पालिकेनंच काम रखडवलं. पालिका म्हणे, दिल्लीच्या... आपलं, डब्लिनच्या मंजुऱ्यांतच वर्षं जातात. हे संवाद आपल्याला पाठ आहेत.

महापौरांच्या बचावाचा मुद्दा मला पटतो, तो आधी सांगतो. आयर्लंडमधला महापौर म्हणजे अधिकार नसलेला मानकरी. कारभार चालवतो तो सरकारी प्रक्रियेतून नेमलेला व्यवस्थापक. त्याला तेव्हा सिटी मॅनेजर म्हणत, २०१४ पासून चीफ एक्झिक्युटिव्ह म्हणतात. ही पद्धत १९२९ साली कॉर्कमध्ये सुरू झाली आणि मग देशभर पसरली. आपल्याकडे १९४९ च्या कायद्यानं पालिका आयुक्ताला जे स्थान दिलं, जवळपास तेच. पुणेकरांनी तर मार्च २०२२ नंतर बराच काळ महापौराशिवाय, नुसत्या प्रशासकावर काढला. शिवाय लॉख कॉरिबचा बहुतेक काठ शहराच्या हद्दीबाहेर, जिल्हा कौन्सिलच्या ताब्यात. रुग्णांच्या नमुन्यांत मुख्यतः माणसाच्या सांडपाण्यातून येणारी जात सापडली, तेव्हा सरोवराकाठच्या ऊख्टरार्ड गावाच्या अपुऱ्या सांडपाणी केंद्राकडेही बोट दाखवलं गेलं. तिथं गॉलवे शहराच्या महापौराला कोण विचारतो?

हे सगळं खरं. तरीही हा बचाव मला अर्धाच वाटतो.

एक म्हणजे, नगरसेवक अगदीच निःशस्त्र नसतात. वार्षिक अंदाजपत्रक तेच मंजूर करतात, आणि २००१ च्या स्थानिक शासन कायद्याच्या कलम १४० खाली ठराव करून ते व्यवस्थापकाला एखादी गोष्ट करायला भाग पाडू शकतात. ओ ब्रोलखॉन २००४ पासून नगरसेवक होते. टेरिलँडचा जुना भाग काही २००७ साली अचानक जुना झाला नाही. अर्थात हा दोष एकट्याचा नाही, सगळ्या सभागृहाचा आहे. त्याच मुदतीत २००४-०५ ला महापौर होत्या कॅथरीन कॉनली, ज्या नोव्हेंबर २०२५ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्सही दोनदा इथले महापौर होते. म्हणजे माणसं लहान नव्हती. दरवर्षी बदलणाऱ्या खुर्चीत बसून दहा वर्षांचं पाण्याचं काम कुणाच्या डोक्यात राहत नाही, अशी माझी समजूत आहे.

दुसरं जास्त खटकतं. मे २००७ मध्ये सार्वत्रिक निवडणूक होती आणि महापौर स्वतः गॉलवे वेस्टमधून उमेदवार होते. त्यामुळे सरकारवरची त्यांची टीका शहराची होती की उमेदवाराची, हे कळायला मार्ग उरला नाही. डब्लिनकडे बोट दाखवताना ‘आमच्या सभागृहाचं इथं चुकलं’ हे ठसठशीतपणे सांगायचा अधिकार त्यांना होता, कारण साखळीबरोबर निदान व्यासपीठ तरी येतं. ती संधी गेली असं मला वाटतं. ते निवडणूक हरले. आणि गंमत पाहा, जूनमध्ये त्यांचाच पक्ष फिआना फॉलबरोबर सत्तेत बसला आणि ज्या खात्याशी भांडण होतं तेच खातं ग्रीन पार्टीच्या जॉन गॉर्मलींकडे आलं. पुढे जुनं केंद्र बाजूला ठेवून, जिल्ह्याच्या योजनेतून जादा पाणी आणून प्रश्न सुटला. तोवर महापौर होते लेबर पक्षाचे टॉम कॉस्टेलो. ओ ब्रोलखॉन २००९ मध्ये नगरसेवकपदही हरले, त्याच वर्षाअखेर सिनेटर मात्र झाले.

या शहरात महापौराला कधीकाळी खरोखर वजन होतं. १४८४ ची सनद, १४८५ पासून महापौर, आणि १६५४ पर्यंत एकट्या लिंच घराण्याचे ऐंशीहून अधिक! त्यांतल्या जेम्स लिंचनं १४९३ साली स्वतःच्या मुलाला फाशी दिल्याची आख्यायिका पर्यटकांना अजून सांगतात (बहुधा दंतकथाच). १८४० च्या कायद्यानं पालिका बुडाली, तेव्हा शेवटचा महापौर एडमंड ब्लेक थकबाकीच्या बदल्यात राजदंड आणि तलवार घरी घेऊन गेला. राजदंड पुढे अमेरिकन वृत्तपत्रसम्राट हर्स्टकडे पोचला आणि १९६० च्या सुमारास परत आला. महापौरपद १९३७ मध्येच परत आलं होतं, अधिकार काही आले नाहीत.

इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यानं काविळीची मोठी साथ आली, तेव्हाही नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि सरकार एकमेकांकडे बघत होते. गॉलवेत २००८ मध्ये मर्व्ह्यू भागात जुन्या नळांमुळे पाण्यात शिसं सापडलं, तेव्हा महापौर आणखी तिसरेच होते. २०१४ पासून पाण्याचं काम पालिकांकडून काढून राष्ट्रीय कंपनीकडे दिलं गेलं. २०१९ मध्ये कॉर्क, वॉटरफर्ड आणि लिमरिकला विचारलं की थेट निवडून दिलेला, अधिकार असलेला महापौर हवा का. पहिल्या दोघांनी थोडक्यात नाही म्हटलं, लिमरिकनं हो म्हटलं आणि २०२४ मध्ये जॉन मोरन तिथं निवडून आले. गॉलवेला तेव्हा विचारलंच नव्हतं. आणि लिमरिकच्या महापौरांकडेही पाणी नाही, ते त्या राष्ट्रीय कंपनीकडेच आहे.