कर माफ, पण कुणाला?

मालमत्ता कराचं बिल आलं की आपण आधी आकडा बघतो. मला मात्र जुने कायदे चाळताना वेगळाच प्रश्न पडला: हे बिल कुणाला येतच नाही, आणि का?

करमाफी इंग्रजांनी आणली असं नाही. आपल्याकडे देवस्थान इनामं होतीच. देवळाची पूजाअर्चा, दिवाबत्ती चालावी म्हणून जमिनीचा सारा सोडला जाई. सरकार हातात काही देत नसे, घ्यायचं ते घेत नसे. पुढे १८५२च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांकडे सनदा मागितल्या जाऊ लागल्या. माफी कितीही जुनी असो, हक्क सिद्ध करणं आता इनामदाराच्या गळ्यात पडलं.

शहरात हाच प्रश्न इमारतींचा झाला. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यातलं १४३ वं कलम वाचा. सार्वजनिक उपासना किंवा सार्वजनिक धर्मादाय कामासाठीच वापरात असलेल्या जागेला सर्वसाधारण कर माफ. सगळी गोम त्या 'साठीच' या शब्दात आहे. जागेत धंदा चालत असेल किंवा तिचं भाडं येत असेल, तर तेवढ्या भागाला माफी नाही. ते भाडं धर्मादायावरच खर्च होत असलं, तरीही नाही.

म्हणजे तळमजल्यावरच्या दुकानाच्या भाड्यातून वाचनालय वर्तमानपत्रं घेत असेल, तर वाचनालयाला माफी मिळू शकते, दुकानाला नाही. कायदा पैसा कुठे जातो हे विचारत नाही, जागेत काय चालतं हे विचारतो.

दिल्लीत वाद शाळेचा होता. १९९२मध्ये चिल्ड्रन बुक ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फी घेऊन शिकवणं एवढ्यानेच धर्मादाय ठरत नाही. तिथल्या कायद्यानुसार संस्था निदान काही अंशी लोकांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालायला हवी. नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र पुरेसं नाही.

मला ही कडक तपासणी रास्त वाटते. पालिकेने सोडलेला रुपया रस्ते, पाणी, कचरा यांच्या हिशेबातून जातो; त्याची भरपाई उरलेले करदाते करतात. देणगीची पावती तरी आपण मागून घेतो. ही देणगी मात्र न विचारता आपल्या नावावर पडते. म्हणून माफी मिळवणाऱ्या संस्थेला 'इथे लोकांसाठी काय चालतं?' असं विचारण्याचा हक्क त्या गल्लीत राहणाऱ्या प्रत्येकाला आहे.