जमिनीतील जुनी चांदी : शोध, कायदा आणि जतन

शेत नांगरताना, घराचा पाया खणताना किंवा धातुशोधक यंत्र फिरवताना चांदीची जुनी नाणी व दागिने सापडल्याच्या घटना देशात अधूनमधून घडतात. सापडलेल्या चांदीची बातमी फुटते तेव्हा चर्चा होते ती तिच्या वजनाची आणि बाजारभावाची. मात्र अभ्यासकांच्या दृष्टीने अशा चांदीचे खरे मोल ती नेमकी कोठे व कशा स्थितीत मिळाली यात, तसेच तिच्या पृष्ठभागावरील ठशांत असते. हे मोल बहुतेक वेळा सापडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच नष्ट होते. महाराष्ट्रातील जोगळटेंभीचा साठा हे या बाबतीतील सर्वांत बोलके उदाहरण आहे.

जोगळटेंभीचा साठा

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, गोदावरी व दारणा या नद्यांच्या संगमाजवळ जोगळटेंभी हे गाव आहे. 1906 साली येथे चांदीच्या सुमारे 13,250 नाण्यांचा साठा मिळाला. ही नाणी क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान याची होती. नहपानाचा काळ सर्वसाधारणपणे इसवी सनाचे पहिले शतक मानला जातो. नाण्याच्या एका बाजूस राजाचे मुख व ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस बाण व वज्र यांची चिन्हे आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपीतील लेख आहेत. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या साठ्याचा अभ्यास करून तो 1908 मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

या साठ्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्या एका राजाचा ठसा उमटवलेला होता. तीन कमानींचा डोंगर, उज्जयिनी चिन्ह आणि गौतमीपुत्र सातकर्णी याचे नाव असा तो ठसा होता. नहपानाची नाणी न आटवता सातवाहन राजाने त्यांवरच आपली मुद्रा मारून ती पुन्हा चलनात आणली होती. कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखाली नहपानाचे मुख आणि अक्षरे अर्धवट दिसतात.

नाशिकच्या पांडवलेणी येथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील या लेखात गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचा उल्लेख आहे. मात्र पराभूत राजाचे नाव त्यात नाही. जोगळटेंभीच्या नाण्यांनी नहपान व गौतमीपुत्र यांचा संबंध थेट जोडून दिला आणि शिलालेखातील विजयाच्या दाव्याला धातूचा पुरावा मिळाला.

त्या काळी चांदीच्या नाण्यांचा व्यवहार किती रुळलेला होता, हेही याच परिसरात दिसते. नहपानाचा जावई उषवदात याने पांडवलेणीतील दहाव्या लेण्यातील लेखात भिक्षुसंघासाठी 3,000 कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवल्याची नोंद केली आहे. मुद्दल कायम ठेवून व्याजातून भिक्षूंचा खर्च भागवावा, अशी ती व्यवस्था होती.

जोगळटेंभीचे प्रत्येक नाणे सुमारे दोन ग्रॅम वजनाचे आहे. म्हणजे संपूर्ण साठा पंचवीस किलोंच्या आसपास भरतो. तो मोड म्हणून मुशीत गेला असता तर तेवढीच चांदी हाती आली असती. नाणी घासून लखलखीत केली असती, तरी खालचा पुसट ठसा कायमचा गेला असता.

कोणती चांदी सापडते

प्राचीन साठे क्वचितच मिळतात. त्या मानाने मोगल, मराठा व इंग्रज काळातील रुपये अधिक आढळतात. मराठा अमलात निरनिराळ्या टांकसाळींतून रुपये पडत असत. चांदवडी व अंकुशी ही त्यांपैकी परिचित नावे होत. ईस्ट इंडिया कंपनीने 1835 मध्ये एकाच मापाचा रुपया सुरू केला. त्याचे वजन 180 ग्रेन, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम होते आणि बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. 1940 मध्ये रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणण्यात आले आणि 1947 मध्ये चांदीची जागा निकेलने घेतली.

नाण्यांखेरीज तोडे, वाळे, साखळ्या, पूजेची उपकरणी अशा वस्तूही मिळतात. बँका नव्हत्या त्या काळी दुष्काळ, दरोडे व स्वाऱ्या यांच्या भीतीने लोक ऐवज मडक्यात किंवा तांब्यात घालून पुरून ठेवत. पुरणारा परतला नाही, की तो ऐवज मातीतच राही.

यंत्र कसे चालते

धातुशोधक यंत्राच्या तबकडीत तारेची वेटोळी असतात. त्यांतून सोडलेल्या विद्युतप्रवाहामुळे जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. तेथे धातू असेल तर त्यात लहान भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि त्यांची चाहूल यंत्राला लागते. सर्व धातूंमध्ये चांदीची विद्युतवाहकता सर्वाधिक असल्याने तिचा संकेत ठळक मिळतो. तरीही सुटे नाणे सामान्यतः वीत-दीड वीत खोलीपर्यंतच ओळखता येते.

दख्खनच्या काळ्या जमिनीत लोहयुक्त खनिजे भरपूर असल्याने यंत्र फसण्याची शक्यता वाढते. त्यामुळे प्रथम ते त्या मातीशी जुळवून घ्यावे लागते. यंत्राला धातूचे वय कळत नाही. सातवाहन नाणे, बाटलीचे झाकण आणि नांगराचा तुटका फाळ यांतील फरक अखेर माणसालाच ओळखावा लागतो. या तंत्राच्या सुरुवातीच्या काळातील एक प्रयोगही असाच फसला होता. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी 1881 मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असे यंत्र वापरले. मात्र त्यांना यश आले नाही. पलंगातील धातूच्या स्प्रिंगांमुळे संकेतात गोंधळ झाला, असे मानले जाते.

असीरगडची धावपळ

महाराष्ट्राच्या सीमेलगत मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात मार्च 2025 मध्ये असीरगड किल्ल्याजवळच्या शेतांत रात्री लोकांची गर्दी झाली. मोगलकालीन नाणी मिळत असल्याची अफवा पसरली होती. फेब्रुवारीत प्रदर्शित झालेल्या 'छावा' या चित्रपटात बुऱ्हाणपूरच्या लुटीचे चित्रण आहे. त्यामुळे या अफवेला जोर आला. बॅटऱ्यांच्या उजेडात, धातुशोधक यंत्रे घेऊन लोकांनी खड्डे खणले. अखेर प्रशासनाला हस्तक्षेप करावा लागला.

बुऱ्हाणपूर हे मोगलांचे महत्त्वाचे ठाणे होते आणि तेथे टांकसाळही होती. त्यामुळे या परिसरात जुनी नाणी असणे अशक्य नाही. परंतु अशा खोदाईत नाणे मिळालेच, तर ते कोणत्या थरातून निघाले, सोबत कोणते खापर होते, भांडे होते की नाही, ही माहिती त्याच क्षणी हरवते. साठा अनेकांच्या खिशांत विखुरला, की तो साठा राहत नाही. एकूण नाणी किती आणि सर्वांत अलीकडचे कोणत्या वर्षीचे, यावरून तो केव्हा पुरला हे ठरवता येते. विखुरलेल्या नाण्यांवरून ते ठरवता येत नाही.

कायदा काय सांगतो

जमिनीत सापडलेल्या धनासंबंधी 1878 चा भारतीय निखात निधी कायदा लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीशी जोडलेल्या वस्तूत दडवलेली कोणतीही मौल्यवान वस्तू या कायद्यानुसार 'निधी' ठरते. तिचे मूल्य दहा रुपयांहून अधिक असेल तर सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. निधीचे स्वरूप, अंदाजे मूल्य, सापडल्याचे ठिकाण व तारीख हा तपशील त्यात द्यायचा असतो. ऐवज सरकारी कोषागारात जमा करावा लागतो किंवा त्याबद्दल तारण द्यावे लागते.

त्यानंतर जिल्हाधिकारी अधिसूचना काढून हक्कदारांना बोलावतात. सुनावणीची तारीख अधिसूचनेनंतर चार महिन्यांपूर्वीची किंवा सहा महिन्यांनंतरची नसावी, अशी तरतूद आहे. निधी बेवारस ठरला आणि जमीनमालक पुढे आला नाही, तर तो सापडणाऱ्यास मिळतो. जमीनमालकाचा हक्क मान्य झाला व दोघांत वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश मालकाचा असतो. सरकारला ऐवज स्वतःकडे ठेवायचा असल्यास धातूची किंमत व त्यावर एक पंचमांश रक्कम देऊन तो घेता येतो.

माहिती दडवणाऱ्याचा वाटा मात्र सरकारजमा होतो. त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे बांधकामाच्या खोदाईत मिळालेली 216 सुवर्णनाणी मार्च 2021 मध्ये पोलिसांनी ताब्यात घेतली, ती याच कारणाने. ती सापडल्याचे प्रशासनाला कळवण्यात आले नव्हते.

अन्य दोन कायदेही लक्षात घ्यावे लागतात. संरक्षित स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांच्या 1958 च्या कायद्यानुसार संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे किंवा कलावस्तू पुरावस्तू ठरते. तिची खासगी निर्यात करता येत नाही आणि तिच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो. याशिवाय गुप्तधनाच्या शोधासाठी अघोरी विधी करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

निखात निधीचा कायदा केवळ महाराष्ट्रापुरता नाही. नोकरीनिमित्त चंदीगडमध्ये स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाला सेक्टर 32 मध्ये घराची दुरुस्ती करताना जुने रुपये मिळाले, तरी हीच पद्धत पाळावी लागेल. तेथे जिल्हाधिकाऱ्याचे काम उपायुक्त पाहतात. आखीव शहर म्हणजे कोरी जमीन, असा समज होऊ शकतो. परंतु चंदीगडच्याच सेक्टर 17 मध्ये हडप्पाकालीन अवशेष मिळाले आहेत.

हातोडी शोधताना मिळालेला खजिना

सापडलेली वस्तू जागेवरच ठेवल्याने काय साधते, याचे उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. सफोकमधील हॉक्सन गावी 16 नोव्हेंबर 1992 रोजी एरिक लॉज हे धातुशोधक यंत्राने मित्राची हरवलेली हातोडी शोधत होते. त्यांना रोमन काळातील सोन्याचांदीचा साठा लागला. थोडी नाणी व चमचे हाती येताच त्यांनी खोदाई थांबवून कळवले आणि पुरातत्त्वज्ञांनी दुसऱ्या दिवशी शास्त्रीय उत्खनन केले. सुमारे 15 हजार नाणी आणि चांदीची भांडी मिळाली. वस्तू लाकडी पेटीत कशा रचून ठेवल्या होत्या, हेही उमगले. लॉज यांना साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले आणि त्यांनी ते जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यासोबत वाटून घेतले. साठा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि ती हातोडीही तेथेच आहे.

चांदी घासू नये

जमिनीतून निघालेली चांदी क्वचितच पांढरी दिसते. गंधकाच्या संयुगांमुळे तिच्यावर काळा थर चढतो, तर क्षारयुक्त मातीत सिल्व्हर क्लोराइडचा राखाडी, मेणासारखा थर बसतो. चांदीत मिसळलेले तांबे बाहेर येऊन हिरवे डाग पडतात. दीर्घकाळ पुरलेली चांदी ठिसूळही होते व वाकवल्यास तुटते. अनेकदा अक्षरे व नक्षी या थरांतच शिल्लक असते.

चिंच, लिंबू, राख, रांगोळी किंवा दंतमंजन हे घरातील चांदीच्या भांड्यांसाठीचे उपाय येथे घातक ठरतात. खाण्याचा सोडा व ॲल्युमिनियमचा कागद वापरून घरी केलेली सफाईही टाळणे इष्ट आहे. तज्ज्ञांकडे देईपर्यंत पुढील काळजी पुरेशी असते :

- वस्तू उचलण्यापूर्वी जागेवरच छायाचित्र घ्यावे व खोली मोजून लिहून ठेवावी.
- भांडे भरलेले असल्यास ते रिकामे करू नये. आतील थरांचा क्रम हाही पुरावा असतो.
- चिकटलेली माती खरवडू नये आणि एकमेकांना चिकटलेली नाणी सोडवू नयेत.
- सुती किंवा नायट्राइलचे हातमोजे घालावेत. नाणे कडेने धरावे.
- वस्तू आम्लरहित कागदात गुंडाळून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावी.
- रबर, लोकर, वर्तमानपत्र व पीव्हीसीची पाकिटे वापरू नयेत. रबर व लोकरीतील गंधकाने चांदी काळवंडते.

यानंतरचे रासायनिक उपचार प्रशिक्षित संवर्धकांनीच करावयाचे असतात. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे. लखनौ येथे 1976 पासून सांस्कृतिक संपदा संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा कार्यरत आहे. नाण्यांच्या अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथे भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे. राज्यातील शोधांची माहिती जिल्हाधिकाऱ्यांबरोबरच राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयालाही देता येते.

कायदेशीर मार्ग वेळखाऊ आहे आणि सराफाचे दुकान जवळ असते. त्यामुळे कित्येक साठे नोंद न होताच आटवले जातात, अशी अभ्यासकांची खंत आहे. वास्तविक नियमाप्रमाणे कळवणाऱ्यास कायद्याने वाटा मिळतो, तर लपवणाऱ्यास तो गमवावा लागतो. आटवलेली चांदी बाजारात पुन्हा विकत घेता येते. तिच्यावरील ठसा मात्र पुन्हा मिळत नाही.