यादीतले ‘नगर’ वाचता येऊ लागले तेव्हा

संगणक माहिती अंकांत साठवतो. ती प्रोग्रॅमरला कशी दाखवायची, हे मात्र प्रोग्रॅमिंग भाषा ठरवते. जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेत याद्या कंसांत छापल्या जात. कंसांत कंस वाढत गेले की त्या वाचणे अशक्य होई. १९६७ साली बिल गॉस्पर यांनी ओळी तोडून आणि योग्य तेथे जागा सोडून तीच रचना नीटनेटकी मांडणारा प्रोग्रॅम लिहिला. मांडणीचा प्रश्न असा हाताळला गेला. लिपीचा प्रश्न पुढे उभा राहिला.

पायथॉन भाषेत प्रत्येक मूल्याची दोन रूपे असतात : एक सामान्य वाचकासाठी, दुसरे प्रोग्रॅमरसाठी. शब्द एकटा छापला तर पहिले रूप दिसते. तोच शब्द यादीत असेल तर दुसरे. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीत या दुसऱ्या रूपात आस्की संचाबाहेरचे प्रत्येक अक्षर संकेतांकाने दाखवले जाई.

याची झळ भारतीय भाषांना बसली. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ‘इस्की’ हे मानक प्रसिद्ध केले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. म्हणजे अक्षरांना संगणकात हक्काचे स्थान मिळाले होते. तरीही यादीतला ‘नगर’ हा शब्द ०९२८, ०९१७, ०९३० अशा संकेतांकांची माळ होऊन समोर येई. माहिती अचूक असे. पण हजार गावांच्या यादीतले एक चुकीचे नाव डोळ्यांनी हेरता येत नसे. बंगाली, तमिळ, जपानी या भाषांत काम करणाऱ्यांचीही हीच अडचण होती.

२००८ साली अत्सुओ इशिमोतो या जपानी प्रोग्रॅमरने बदलाचा प्रस्ताव मांडला : जे अक्षर छापता येते, ते अक्षर म्हणूनच दाखवावे. यात धोकेही होते. प्रत्येक पडद्यावर प्रत्येक लिपी उमटत नाही. शिवाय रोमन ‘ए’ आणि रशियन ‘आ’ यांची छोटी अक्षरे दिसायला सारखीच असतात. म्हणून जुने रूप हवे असणाऱ्यांसाठी वेगळे फंक्शन ठेवण्यात आले. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३.० मध्ये यादीतले ‘नगर’ हे ‘नगर’ असेच दिसू लागले.

अदृश्य चिन्हे मात्र आजही संकेतांकानेच दाखवली जातात, आणि ते योग्यच आहे. ‘दऱ्या’मधील अर्धा ‘र’ काही टंकनपद्धतींत एक अदृश्य जोडचिन्ह घालून उमटवला जातो, काहींत त्याविना. दोन्ही शब्द डोळ्यांना एकच दिसतात. शोध घेताना मात्र जुळत नाहीत. यादीत ते चिन्ह उघडे पडते आणि चूक सापडते. प्रोग्रॅमरसाठी सुवाच्यतेच्या दोन अटी आहेत : त्याची लिपी त्याला दिसावी, आणि लिपीत जे दडले आहे तेही दिसावे.