बालकांच्या तापावरील औषधे आणि सुरक्षिततेचा इतिहास : वर्धा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

वर्धा जिल्ह्याला आधुनिक वैद्यकीय सेवेची दीर्घ परंपरा आहे. सेवाग्राम येथे १९४५ मध्ये कस्तुरबा रुग्णालय सुरू झाले. तेथेच १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली आणि १९९० मध्ये सावंगी (मेघे) येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. असे असले तरी लहान मुलाला ताप आला की औषधाचा पहिला डोस बहुधा घरातच दिला जातो. औषध मेडिकलमधून येते आणि माप स्वयंपाकघरातील चमच्याचे असते. औषधांचा इतिहास लिहिताना शोध, कारखाने आणि कायदे यांची दखल घेतली जाते. हा चमचा मात्र दुर्लक्षित राहतो.

बालकांच्या औषधातील धोका तीन ठिकाणी संभवतो : मूळ औषधद्रव्यात, ते ज्या द्रावकात विरघळवले जाते त्यात आणि मापात. पहिल्या दोन धोक्यांवर नियमन आले ते बालकांचा बळी गेल्यानंतर; तिसरा धोका आजही मुख्यत्वे घरावर सोडलेला आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. औषधद्रव्याचा धोका :

१८९९ मध्ये बाजारात आलेली अ‍ॅस्पिरिन अनेक दशके मुलांनाही सर्रास दिली जात होती. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातील डग्लस रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांमधील मेंदू व यकृताच्या एका गंभीर विकाराचे वर्णन केले. विषाणुजन्य तापात दिलेल्या अ‍ॅस्पिरिनशी या विकाराचा संबंध पुढे स्पष्ट झाला. १९८६ मध्ये ब्रिटनने बारा वर्षांखालील मुलांसाठी अ‍ॅस्पिरिनचा सर्वसाधारण वापर थांबविला.

पॅरासिटामॉल १८७८ मध्येच प्रयोगशाळेत तयार झाले होते. परंतु त्याचे महत्त्व १९४८ मध्ये ब्रॉडी व अ‍ॅक्सेलरॉड यांच्या संशोधनानंतर लक्षात आले. अमेरिकेत १९५५ मध्ये ते बाजारात आले, तेही मुलांसाठीच्या पातळ औषधाच्या रूपात. भारतात मधल्या काळात निमेसुलाइड हे तापावरील औषध मुलांमध्ये लोकप्रिय झाले. यकृतावरील दुष्परिणामांच्या तक्रारींनंतर २०११ मध्ये केंद्र सरकारने बारा वर्षांखालील मुलांसाठी त्यावर बंदी घातली.

२. द्रावकाचा धोका :

पॅरासिटामॉल पाण्यात सहज विरघळत नाही. म्हणून त्याच्या सिरपमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन यांसारखे द्रावक वापरले जातात. डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन दिसायला तसेच, चवीला गोड आणि किमतीने स्वस्त असते. मात्र ते मूत्रपिंड निकामी करते. १९३७ मध्ये अमेरिकेत या रसायनात विरघळवलेल्या सल्फा औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले आणि त्यातूनच तेथील १९३८ चा औषध कायदा आला. भारतात चोप्रा समितीच्या १९३१ च्या अहवालानंतर १९४० चा औषध कायदा झाला.

कायद्याने प्रश्न संपला नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनातील ढिलाईवर कठोर शब्दांत बोट ठेवले. १९९८ मध्ये गुडगाव परिसरात खोकल्याच्या औषधाने तेहतीस बालकांचा मृत्यू झाला. बांगलादेश आणि हैती येथे नव्वदच्या दशकात तापावरील पॅरासिटामॉल सिरपमधूनच हे विष मुलांपर्यंत पोहोचले.

या मालिकेतील २०२५ ची घटना विदर्भाच्या उंबरठ्यावर घडली. छिंदवाडा आणि वर्धा हे जिल्हे १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. आजही छिंदवाड्याचे रुग्ण उपचारासाठी नागपूरला येतात. तेथील परासिया भागात वीसहून अधिक बालके मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. 'कोल्ड्रिफ' या सर्दी-तापाच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. या सिरपमध्ये पॅरासिटामॉलसोबत आणखी दोन औषधे होती. त्या दोन औषधांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा केंद्रीय औषध नियंत्रकांचा निर्देश डिसेंबर २०२३ मध्येच निघाला होता. निर्देश कागदावर होता, बाटली घरात होती.

३. मापाचा धोका :

औषध शुद्ध असले तरी धोका टळत नाही. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नव्हे, वजनावर ठरतो : एका वेळी दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत चारांहून अधिक डोस नाहीत. आपल्याकडे पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशी दोन्ही सिरप मिळतात. थेंबांच्या औषधात तर एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असतात. दहा किलोच्या बालकास १५० मिलिग्रॅम द्यायचे तर पहिल्या सिरपचे ६ मिलिलिटर, दुसऱ्याचे ३ मिलिलिटर आणि थेंबांचे केवळ दीड मिलिलिटर लागते. 'एक चमचा' हे माप येथे निरर्थक ठरते. अमेरिकेतील उत्पादकांनी २०११ पासून मुलांच्या द्रव पॅरासिटामॉलसाठी एकच प्रमाण स्वीकारले. त्यामागे हीच गफलत होती.

अतिरिक्त मात्रेने यकृतास इजा होते आणि पहिल्या दिवशी मूल ठीक दिसू शकते, ही बाब अधिक गंभीर आहे. सर्दीच्या मिश्र औषधातही पॅरासिटामॉल असते, हे ध्यानात न आल्याने दुहेरी डोस जातो. डेंग्यूची शक्यता असताना अ‍ॅस्पिरिन वा आयब्युप्रोफेन देणे रक्तस्रावाला निमंत्रण ठरते.

औषधे नियम, १९४५ मधील अनुसूची 'के'ने हजारापर्यंत लोकसंख्येच्या खेड्यांत काही घरगुती औषधे परवान्याशिवाय विकण्याची मुभा दिली. औषध सर्वांपर्यंत पोहोचावे हा त्यामागील हेतू योग्यच होता. परंतु औषधाबरोबर मापाचे ज्ञान पोहोचविण्याची व्यवस्था त्या नियमात नव्हती.

निष्कर्ष :

१) बालकांच्या औषधांचे नियमन प्रत्येक टप्प्यावर दुर्घटनेनंतर आले, ते पूर्वदृष्टीतून आलेले दिसत नाही.

२) नियमनाचा भर उत्पादनावर राहिला. बंदी वा निर्देश घरापर्यंत पोहोचतो की नाही, याकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले.

३) घरातील दक्षतेची सूत्रे मोजकी आहेत : मुलाचे वजन माहीत असावे, बाटलीवरील प्रमाण वाचावे, बाटलीसोबतचे मापच वापरावे, डोसची वेळ लिहून ठेवावी. लहान मुलांना सर्दीची मिश्र औषधे स्वतःहून देऊ नयेत आणि तीन महिन्यांखालील बालकास ताप आल्यास घरी औषध न देता त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. औषधानंतर मुलाची लघवी कमी झाल्यास विलंब करू नये.

सावंगी आणि सेवाग्राम येथील संस्थांजवळ ज्ञान आहे. गावागावांत आशा सेविका आहेत, अंगणवाड्या आहेत, आपली महाविद्यालये आणि त्यांचे राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत. कारखान्यातील शुद्धता शासनाने राखावी, ही मागणी केलीच पाहिजे. घरातील माप शिकविण्याचे काम मात्र आपल्यासारख्या अध्यापकांना आजही हाती घेता येईल. त्यासाठी पुढील दुर्घटनेची वाट पाहण्याचे कारण नाही.