गाजर गवत, पीएल ४८० आणि तारखांचा घोळ

मंडळी, आधी एक खुलासा. हे मुंबईहून लोकलने जायचं कर्जत नव्हे. हे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं, ज्वारीचं आणि रेहेकुरीच्या काळविटांचं कर्जत. इथे पाऊस बेताचा, पण गाजर गवताला तेवढा पुरतो.

या 'काँग्रेस गवता'ची गोष्ट सगळ्यांना पाठ असते: पीएल ४८०च्या अमेरिकन गव्हातून आलं म्हणे. आता तारखा बघा. आर. एस. राव यांना ते पुण्यात दिसलं १९५५ मध्ये, नोंद छापली गेली १९५६ मध्ये. आणि भारताचा पीएल ४८० करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये! लॉगमध्ये असे टाइमस्टॅम्प दिसले तर आपण काय म्हणू? :) अर्थात १९५१च्या कर्जावरही अमेरिकन गहू आला होता, त्यामुळे गहू अगदीच निर्दोष सुटत नाही. पण रॉक्सबर्ग यांच्या १८१४च्या कोलकात्याच्या बागेच्या यादीतही हे नाव आहे. असो.

मला जास्त रस आहे तो ते पसरलं कसं यात. एका झाडाला हजारो बिया, गुरं तोंड लावत नाहीत, आणि वर पार्थेनिन. हे रसायन झाडातून मातीत उतरतं आणि शेजारच्या बियांना नीट उगवू देत नाही. खुरपणाऱ्या बायकांच्या हातांना खाज सुटते, पुरळ उठतं, तेही याच्यामुळेच. झाडांच्या अशा रासायनिक कुरघोडीला हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये 'ॲलेलोपथी' हे नाव दिलं.

पण शेराला सव्वाशेर असतोच. १९८०च्या दशकात कर्नाटकातल्या संशोधकांनी दाखवलं की टाकळ्याच्या कुळातलं एक झुडूप (कॅशिया युनिफ्लोरा) गाजर गवताला हटवतं. त्याचा अर्क गाजर गवताच्या बियांचं उगवणं रोखतो. गंमत म्हणजे हे झुडूपसुद्धा मूळचं अमेरिकेतलंच!

आणि आपली ज्वारी? तिच्या मुळांतून सॉर्गोलिओन नावाचं तणविरोधी द्रव्य झिरपतं. पाकिस्तानात फैसलाबादच्या संशोधकांनी वाळलेली ज्वारी पाण्यात भिजवून तो अर्क गव्हातल्या तणांवर फवारला. तण कमी झालं, पण पूर्ण गेलं नाही. प्रयोगशाळेच्या बशीत असले अर्क जोरात चालतात. शेतात मातीतले जिवाणू ते खाऊन टाकतात.

शिवाय कर्जतमध्ये कडबा म्हणजे गुरांचा उन्हाळा. टंचाईच्या वर्षी त्याची पेंढी तणासाठी भिजत घाल, असं कुणाला सांगणार?