कर्नल पोलमन

मूळ मजकुरात ‘प्रशियन सरदार’ म्हणून आलेला हा सेनानी म्हणजे अँथनी पोलमन. तो ना प्रशियन होता, ना सरदारघराण्यातला. राहणार हॅनोव्हरचा, ते राज्य प्रशियाने गिळले थेट १८६६ मध्ये.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मदतीला आलेल्या हॅनोव्हरी पलटणीत तो साधा सार्जंट होता. तिथून निसटला, शिंद्यांच्या चाकरीत डी बॉयनच्या कवायती कंपूत शिरला आणि यथावकाश कंपूचा मुख्य झाला. १८०० मध्ये मालपुऱ्याला जयपूरकरांविरुद्ध तो शिंद्यांचे सरदार लखबादादा लाड यांच्या बाजूने लढला.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला (आज जालना जिल्हा) शिंद्यांचे कवायती पायदळ त्याच्याच हुकमतीत होते. कंपनीचा सेनापती वेलस्ली केळना नदी उतरून बगलेवर आला, तेव्हा पोलमनने ऐन वेळी अख्खी फळी फिरवून तिचे तोंड शत्रूकडे केले. कच्च्या फौजेला हे साधत नाही! कंपनीचे दीड हजारांवर सैनिक ठार वा जखमी झाले, ते मुख्यतः शिंद्यांच्या तोफांनी. तेव्हा ‘परक्या अधिकाऱ्यांनी असई घालवली’ हा ग्रंथकर्त्याचा शेरा निदान पोलमनपुरता अन्यायाचा आहे.

पराभवानंतर मात्र त्याने शिंद्यांची चाकरी सोडली. पुढे तो कंपनीच्याच नोकरीत दिसतो. — संपादक