माघारी फिरलेला जवान

गावातला जवान शहीद झाला की शाळेत त्याचा फोटो लागतो, चौकाला नाव दिलं जातं. फोटोखाली नाव असतं आणि वीरमरणाची तारीख. पण माणूस काही त्या एका तारखेपुरता जगलेला नसतो. म्हणून आज काश्मीरचे लान्स नायक नझीर अहमद वानी यांची आठवण सांगते.

ते कुलगाम जिल्ह्यातल्या अश्मुजी गावचे. १९९० नंतर काश्मीरमध्ये कितीतरी पोरांच्या हाती बंदुका आल्या. तरुणपणी नझीरही त्या वाटेला गेले होते. पण ते माघारी फिरले आणि २००४ मध्ये प्रादेशिक सेनेच्या १६२ व्या बटालियनमध्ये भरती झाले.

प्रादेशिक सेना म्हणजे आपल्या सैन्याची राखीव फळी. स्वतंत्र भारतात ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. नोकरी-धंदा सांभाळणारे नागरिक तिच्यात असतात आणि देशाने बोलावलं की वर्दी चढवतात. तिच्या काही पलटणी मात्र त्या-त्या मुलखातल्या पोरांच्याच असतात. नझीर यांची पलटण तशीच. वाटा, ओढे, बागा सगळं ओळखीचं. घर जवळ, तसा धोकाही घराजवळच.

शौर्यासाठी त्यांना २००७ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये सेना पदक मिळालं. २५ नोव्हेंबर २०१८ रोजी शोपियान जिल्ह्यात ते ३४ राष्ट्रीय रायफल्ससोबत कारवाईवर होते. दहशतवाद्यांची पळण्याची वाट अडवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी दोघांना ठार केलं. गोळ्या लागल्या तरी जागा सोडली नाही आणि त्यांना वीरमरण आलं.

२६ जानेवारी २०१९ रोजी दिल्लीत त्यांना मरणोत्तर अशोक चक्र जाहीरपणे दिलं गेलं. शांततेच्या काळातला हा सर्वांत मोठा शौर्य सन्मान. तो घ्यायला त्यांची पत्नी आणि आई अशा दोघी उभ्या होत्या. पत्नी शिक्षिका. पदरात दोन मुलगे.

मैत्रिणींनो, नझीर यांचा फक्त शेवटचा दिवस सांगितला तर अर्धीच गोष्ट कळते. चुकलेल्या वाटेवरून माणूस परत येऊ शकतो, हे त्यांच्या आधीच्या आयुष्यातून कळतं. आणि ते आयुष्य घरातल्या बायकांनाच जास्त ठाऊक असतं.

तुमच्या गावातही एखादी वीरमाता, वीरपत्नी असेल. कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊन आपण तिला खाली बसवतो. एकदा तिच्या ओट्यावर जाऊन बसा. तिची तयारी असेल तरच विषय काढा. ‘ते कसे गेले’ हे नका विचारू, ‘ते कसे होते’ हे विचारा. काय आवडीनं खायचे, कशावरून रागवायचे, सुट्टीवर आले की आधी कुठे जायचे. तिची हरकत नसेल तर गटाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या स्मृतिदिनी शाळेतल्या मुलांना ते वाचून दाखवता येईल.